वारा विचारून निवडलेले किनारे

भूमध्य समुद्रातल्या मेनोर्का या स्पेनच्या बेटाला किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरणारा गाडीरस्ता नाही. पूर्व टोकाला माओ, पश्चिम टोकाला सिउतादेया, आणि या दोन शहरांना जोडणारा साधारण ४५ किलोमीटरचा मुख्य रस्ता बेटाच्या मधोमध. त्याला दोन्ही बाजूंनी समुद्राकडे जाणारे फाटे फुटतात. फाटा जिथे संपतो तिथे पुळण, पार्किंग आणि उन्हाळ्यात छत्र्यांच्या रांगा. शेजारच्या पुळणीवर जायचं तर गाडी घेऊन पुन्हा मधल्या रस्त्यावर यायचं आणि दुसरा फाटा धरायचा. त्यामुळे दोन फाट्यांच्या मध्ये पडणाऱ्या किनाऱ्यांकडे बहुतेक लोक फिरकत नाहीत. आम्ही नकाशा टेबलावर पसरून पहिलं काम हेच केलं. फाटे संपतात ती ठिकाणं पेन्सिलीनं खोडली आणि मधल्या उरलेल्या निळ्या खाचांवर खुणा केल्या.

आम्ही म्हणजे मी आणि बाबा. मी काही वर्षं बार्सेलोनात राहते. बाबा मूळचे देवगडकडचे, निवृत्तीनंतर पुन्हा गावच्या घरी राहायला गेलेले. ते माझ्याकडे आले तेव्हा मी त्यांना मोठ्या हौसेनं बार्सेलोनाच्या किनाऱ्यावर नेलं. तासभर ते शांत बसले आणि मग म्हणाले, "अगं, इथे समुद्र ऐकूच येत नाही." खरंच येत नव्हता. स्पीकर, थंड पेयं विकणाऱ्यांच्या हाका, मागच्या रस्त्यावरची वाहतूक, यांच्याखाली लाटांचा आवाज दबून गेला होता. समुद्र ऐकू येईल अशी जागा शोधायची, एवढ्या एका कारणासाठी आम्ही मेनोर्काची बोट धरली.

मायोर्का आणि इबिझा ही शेजारची बेटं जास्त प्रसिद्ध आहेत. मेनोर्का निवडलं ते तिथे कमी बांधलंय म्हणून. १९९३ पासून हे सगळं बेट युनेस्कोच्या यादीतलं बायोस्फिअर रिझर्व्ह, म्हणजे निसर्ग आणि माणसांचं जगणं दोन्ही सांभाळायचं क्षेत्र आहे आणि २०१९ मध्ये त्याची हद्द भोवतालच्या समुद्रातही वाढवली गेली. बेट फार मोठं नाही, क्षेत्रफळ ७०० चौरस किलोमीटरच्या आसपास, लोकसंख्या लाखाच्या आतबाहेर. किनाऱ्याचा बराचसा भाग आजही शेतं, झाडी आणि कडे यांच्याच ताब्यात आहे. इथे जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या छोट्या पुळणवजा खाचेला 'काला' म्हणतात आणि अशा काला बेटाभोवती पसरलेल्या आहेत.

वेळ निवडताना मी सरळ सप्टेंबरचा शेवट धरला. जुलै-ऑगस्टमध्ये तुर्केतासारख्या किनाऱ्यांची पार्किंग सकाळीच भरतात आणि तसं सांगणारे फलक मुख्य रस्त्यावरच लागतात. माकारेया तर बेटाच्या प्रत्येक जाहिरातीत असते, तिथे भर उन्हाळ्यात खासगी गाडी सोडतच नाहीत, बसनं जावं लागतं. २३-२४ जूनला सिउतादेयात सेंट जॉनचा घोड्यांचा उत्सव असतो, त्या आठवड्यात बेटावर राहायला जागा मिळणं कठीण. सप्टेंबरअखेरीला हे सगळं ओसरलेलं असतं, आणि उन्हाळाभर तापलेला समुद्र मात्र अजून गरम असतो. मे महिन्यात ऊन तितकंच छान असतं पण पाणी गार लागतं, त्यामुळे पोहायचं असेल तर माझं मत शरद ऋतूच्या बाजूनं. एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. या दिवसांत अचानक वादळी पाऊस येतो, आणि उन्हाळ्यापुरत्या सुरू केलेल्या बसगाड्या हंगाम संपला की बंद होतात.

मुक्काम समुद्राकाठी न करता फेरेरीएस या गावात केला, आणि हा निर्णय सगळ्यात उपयोगी पडला. फेरेरीएस मधल्या रस्त्यावर, बेटाच्या जवळपास मध्यावर आहे. तिथून उत्तरेचा किनाराही जवळ आणि दक्षिणेचाही. समुद्राकाठच्या हॉटेलात राहिलं की माणूस त्या एकाच बाजूशी बांधला जातो. ते इथे का परवडत नाही, हे पहिल्याच सकाळी घरमालकीणबाईंकडून कळलं.

मी त्यांना विचारलं, "आज कुठल्या किनाऱ्यावर जावं?" त्यांनी उत्तर देण्याआधी खिडकी उघडली, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "त्रामुंताना आहे. दक्षिणेला जा."

त्रामुंताना म्हणजे उत्तरेचा वारा. फ्रान्सच्या बाजूनं तो मोकळ्या समुद्रावरून थेट बेटावर येऊन आदळतो. बेटाच्या उत्तर भागातली रानटी ऑलिव्हची झाडं पाहिली की त्याचा जोर समजतो, सगळी दक्षिणेकडे झुकून तशीच वाढलेली. हा वारा सुटला की उत्तरेच्या काला खवळतात, वाळू तोंडावर मारते, आणि त्याच वेळी दक्षिणेचा किनारा कड्यांच्या आडोशाला शांत पडलेला असतो. दक्षिणेकडून मिग्जोर्न सुटला की बरोबर उलटं. बेटावरची माणसं किनारा आधी ठरवत नाहीत. सकाळी वारा बघतात आणि मग ठरवतात. पाहुणे हॉटेलाच्या जवळचा किनारा धरून बसतात, म्हणून वाऱ्याच्या मागं जाणाऱ्याला बऱ्याचदा मोकळी पुळण मिळते.

बाबांना हे समजावून सांगावंच लागलं नाही. मी भाषांतर करून सांगितलं, तर ते लगेच म्हणाले, "वारो खयसून येता तां आधी बघूक व्हया, ह्यां तर खराच." फरक त्यांनी दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आणून दिला. कोकणात रात्री मतलई आणि दुपारी खारा असा वारा रोज पालटतो. इथला वारा एकदा लागला की दिवसेंदिवस त्याच दिशेनं राहू शकतो, म्हणजे दोन-तीन दिवसांचा बेत एकदम ठरवता येतो.

त्रामुंताना होता, म्हणून दक्षिण. सांत तोमास या गावापर्यंत फाटा जातो. तिथून पश्चिमेला आधी बिनिगाउसची लांब पुळण लागते आणि तिच्यापुढे रस्ता नाही, फक्त पायवाट. ही पायवाट म्हणजे 'कामी दे कावाय्स', घोड्यांची वाट. १८५ किलोमीटरची ही वाट अख्ख्या बेटाला वेढा घालून जाते. समुद्रातून येणाऱ्या शत्रूवर नजर ठेवायला घोडेस्वार हिच्यावरून फिरत. पुढे वाट खासगी जमिनींत अडकली, मालकांनी ती ठिकठिकाणी बंद केली. लोकांनी ती परत मागितली, त्यासाठी आंदोलनं केली. २००० साली कायदा होऊन ती सगळ्यांसाठी खुली ठरली आणि २०१० मध्ये पूर्ण फेरी चालता येऊ लागली. आज ती जीआर २२३ या क्रमांकाची वीस टप्प्यांची पायवाट आहे, जागोजागी लाकडी खुंट रोवलेले आहेत. मला या सगळ्या प्रवासात सर्वात मोलाची वाटलेली गोष्ट हीच. हे शांत किनारे आज तुमच्या-माझ्यासारख्याला गाठता येतात ते या वाटेसाठी भांडलेल्या माणसांमुळे.

बिनिगाउसच्या टोकाला काही लोक कपड्यांशिवाय पोहत होते. मराठी वाचकांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण गावापासून जितकं लांब जावं तितकं हे जास्त दिसतं. इथे त्याची सवय आहे, कोणी कोणाकडे बघत नाही, आपणही आपल्या वाटेनं जावं. कॅमेरा मात्र पिशवीत ठेवावा.

वाट पठारावर चढते आणि दोन्ही बाजूंना गडगे सुरू होतात. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. शेतातले दगड वेचून जमीन मोकळी करायची आणि त्याच दगडांनी पिकाला वाऱ्यापासून आडोसा करायचा, अशा हजारो किलोमीटर लांबीच्या भिंती या बेटावर आहेत. असे कोरडे गडगे रचण्याची कला २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली गेली, स्पेनसह आठ देशांच्या नावानं. काही ठिकाणी गडग्यातून लांबट दगड मुद्दाम बाहेर काढलेले असतात. त्यावर पाय देत माणूस पलीकडे उतरतो आणि गुरं मात्र अडतात.

जिथे वाट गडगा ओलांडते तिथे फाटक असतं. अशा पहिल्याच फाटकापाशी बाबा थांबले ते बराच वेळ हललेच नाहीत. फाटक रानटी ऑलिव्हच्या फांद्यांचं होतं. त्यात एकही फांदी सरळ नव्हती. प्रत्येक आडवी फांदी जशी झाडावर वाकलेली तशीच वापरलेली, तिची बाकदार पाठ वरच्या अंगाला, आणि तिरका आधारसुद्धा निसर्गतः वाकलेला. लाकूड उन्हापावसानं राखाडी झालेलं, हात फिरवला तर गुळगुळीत. बाबांनी सांधे बोटांनी चाचपले, बिजागरीशी वाकून पाहिलं, फाटक दोनदा उघडून मिटलं. ते कुरकुरलं नाही. असं फाटक करणारे कारागीर बेटावर अजून आहेत, त्यांना 'आरादेर' म्हणतात, पूर्वी नांगर करणारे तेच. फाटकातून गेल्यावर ते पुन्हा लावायचं, हा या वाटेवरचा कडक नियम. पलीकडे गाई चरत असतात आणि त्यांच्याच दुधाचं माओचं चौकोनी चीज होतं.

पठारावरून वाट पाइनच्या झाडीत उतरते, पुन्हा चढते, आणि सांत तोमासपासून दीडेक तासानं खाली एस्कोर्शादा दिसते. वाळू बारीक, फिकट. मागे एकही इमारत नाही, दुकान नाही, नळ नाही, जीवरक्षक नाही. आम्ही पोचलो तेव्हा पुळणीच्या दुसऱ्या टोकाला एक जोडपं होतं, आणि मध्ये कोणी नव्हतं. समुद्र ऐकू येत होता.

बाबांनी चपला पाण्यापासून दोन हातांवर काढून ठेवल्या आणि सवयीनं मागे वळून वळून पाहू लागले, भरती कुठवर येते ते. चपला तासाभरानं तिथेच होत्या, दोन तासांनीही कोरड्या. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाही. अटलांटिकशी तो फक्त जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीनं जोडलेला आहे, तीही सगळ्यात अरुंद जागी साधारण १४ किलोमीटरची. तेवढ्या फटीतून महासागराची भरती आत पसरतच नाही, त्यामुळे इथे पाण्याची पातळी रोज वीतभर हलली तर हलली. आमच्याकडे उधाणाला ती दोन मीटरच्या वर जाते. किनारे शोधणाऱ्याच्या दृष्टीनं याचा अर्थ असा, की इथे भरतीचं वेळापत्रक पाहावं लागत नाही, छोटीशी पुळणही दुपारी पाण्याखाली जात नाही. दुसऱ्या बाजूनं, ओहोटीनंतर लागणारी ती रुंद, घट्ट, ओली वाळू इथे मिळत नाही. चालायचं तर मऊ वाळूतूनच.

पोहून आल्यावर बाबा दोन गोष्टी म्हणाले. पाणी आपल्यापेक्षा जास्त खारट आहे, आणि इतकं स्वच्छ आहे की यात मासळी कमी असणार. दोन्ही बरोबर आहेत. या समुद्रातून जेवढं पाणी वाफ होऊन जातं तेवढं नद्या आणून घालत नाहीत, त्यामुळे क्षार वाढतात. आणि तळ दिसण्याइतकं निळं पाणी म्हणजे त्यात सूक्ष्म जीव कमी, म्हणजेच माशांना अन्न कमी. गढूळ, हिरवट दिसणारा आपला समुद्र माणसांना जास्त खाऊ घालतो. चित्रातल्या निळ्या पाण्याचं कौतुक करताना मला हे यापुढे आठवत राहील.

एस्कोर्शादापासून पश्चिमेला थोडं चाललं की फुस्ताम. ती आणखी लहान, पाइनची झाडं पार वाळूपर्यंत आलेली, म्हणून दुपारी सावली. आम्ही तिथे जेवलो. पाव, टोमॅटो, माओचं चीज, आणि घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी. पाणी आम्ही माणशी दोन लिटर घेतलं होतं आणि ते सगळं संपलं. या वाटेवर पाणी कुठे मिळेल या भरवशावर कोणी राहू नये.

दुपारच्या सुमाराला माणसं आली, पण वाटेनं नव्हे, समुद्रातून. सहलीच्या बोटी आणि खासगी यॉट एकामागून एक येऊन उभ्या राहिल्या. चालत गाठायच्या या किनाऱ्यांचं वेळापत्रक असं आहे: अकराच्या आधी शांत, भर दुपारी बोटी, चारनंतर पुन्हा शांत. आम्ही नंतर प्रत्येक बेत यावरूनच आखला. एका बोटीवरचा माणूस नांगर हातात धरून पुढच्या टोकावर ओणवा झाला होता आणि मागच्याला हातानं डावीकडे, अजून डावीकडे असं सांगत होता. पाण्यात गडद पट्टे आणि मध्ये फिकट ठिपके दिसत होते. तो फिकट ठिपका शोधत होता, म्हणजे नुसती वाळू. गडद भाग पोसिडोनिया या पाणवनस्पतीचा, आणि तिच्यावर नांगर टाकायला मनाई आहे.

पोसिडोनियाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण शांत किनारे शोधताना तिच्याशी गाठ पडतेच आणि बरेच लोक तिला पाहून नाक मुरडतात. हे शेवाळ नाही. ही समुद्रात वाढणारी फुलझाडाच्या जातीची वनस्पती आहे, तिला मुळं, पानं, फुलं सगळं आहे, आणि ती फक्त भूमध्य समुद्रातच सापडते. पाणी स्वच्छ असेल तर चाळीसेक मीटर खोलीपर्यंत तिची कुरणं पसरतात. माशांची पिल्लं त्यात वाढतात, लाटांचा जोर तिच्यामुळे मोडतो, आणि पाण्यातला गाळ ती धरून ठेवते म्हणून पाणी नितळ राहतं. शरदात तिची जुनी पानं गळून लाटांबरोबर किनाऱ्यावर येतात आणि तपकिरी थर साचतो. हॉटेलांसमोरच्या पुळणींवरून उन्हाळ्याआधी तो काढून टाकतात. लांबच्या काला तशाच ठेवतात. लोक 'घाण किनारा' असा शेरा मारतात, पण हिवाळ्याच्या वादळात वाळू वाहून जाऊ न देणारा बांध हाच. २०१८ साली मेनोर्का ज्यात येतं त्या बेलिअरिक बेटांच्या सरकारनं पोसिडोनियाच्या संरक्षणासाठी खास नियम केले. त्या पानांच्या ढिगात बाबांना एक तपकिरी गोळा सापडला, लिंबाएवढा, हातात घेतला तर सुंभाच्या काथ्याचा वळलेला गोळाच वाटावा. पानांच्या आणि खोडाच्या तंतूंना लाटा तळाशी लोळवत राहतात आणि असे गोळे तयार होतात. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि होता तिथे परत ठेवला.

काही दिवसांनी वारा फिरला. घरमालकीणबाईंनी सकाळी दारातूनच उत्तरेकडे बोट दाखवलं. उत्तरेसाठी मात्र गाडी लागते, बसनं जमत नाही. आम्ही एक छोटी गाडी भाड्यानं घेतली आणि काला पिलारला गेलो. मुख्य रस्त्यावरून फाट्यानं आत गेलं की एक लहान पार्किंग आहे, उन्हाळ्यात ते लवकर भरतं. तिथून पाऊण तास चाल, आधी ओकच्या सदाहरित रानातून, गर्द सावलीतून. मग रान अचानक संपतं, पायाखाली वाळू येते आणि समोर सगळं लाल.

ही लाल माती पाहिली तेव्हा बाबांचा चेहरा उजळला. दक्षिणेला त्यांनी पांढरट चुनखडीचे कडे पाहिले होते. उत्तरेला खडक लाल, काळे, करडे, आणि समुद्राचा रंगही गडद. मेनोर्का खरं तर दोन वेगवेगळ्या वयांच्या जमिनींचं बेट आहे. दक्षिणेचा दगड त्या मानानं तरुण, समुद्राच्या तळाशी साचलेली चुनखडी. पाण्यानं तिला कापत कापत खोल घळी केल्या आहेत आणि घळीच्या तोंडाशी काला तयार झाल्या आहेत. उत्तरेचे काही खडक तीस कोटी वर्षांहून जुने आहेत, वाकलेले, मोडलेले, म्हणून तिथला किनारा खडबडीत आणि उघडा. काला पिलारच्या पूर्वेला लाटांनी घासून गोल केलेल्या मोठमोठ्या दगडांचा किनारा आहे, अशांना इथे 'माकार' म्हणतात. लाट परतताना ते दगड एकमेकांवर गडगडतात. तिथे बसायला जागा नाही, पोहायला सोय नाही, पण मला तो आवाज ऐकायला पुन्हा जायला आवडेल.

काला पिलारला एक गंभीर सूचना. दक्षिणेचा वारा असताना ती शांत असते. त्रामुंतानात तिथे पाण्यात उतरू नये. ओढ जबरदस्त असते, जीवरक्षक असेलच असं नाही, आणि मदत यायची तर त्याच पाऊण तासाच्या वाटेनं. देवगडला पावसाळ्याच्या तोंडावर समुद्राला जसं सोडून द्यायचं असतं तसंच इथे वागावं.

पूर्वेकडचं फावारिचचं दीपगृह आम्ही एका ढगाळ सकाळी पाहिलं. १९२२ सालचं, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं, भोवती काळ्या पाटीच्या दगडाची ओसाड जमीन. हा भाग एस ग्राउच्या सरोवराभोवतीच्या निसर्ग उद्यानात येतो. भर उन्हाळ्यात इथेही गाड्या अडवतात आणि बसनं सोडतात. तिथून वाटेनं प्रेसिली आणि तिच्यापुढे तोर्तुगा या दोन पुळणी लागतात. प्रेसिलीवर माणसं होती, तोर्तुगावर कमी. हे सगळीकडेच दिसलं. पहिल्या पुळणीवर बहुतेक लोक थांबतात, आणि पुढच्या टेकाडापलीकडे जाणारे थोडेच असतात.

असंच काला गाल्दानाच्या बाजूला. गाल्दाना हे मोठं हॉटेलांचं ठिकाण, फेरेरीएसहून बस आहे. तिथून मित्जाना थोड्या अंतरावर, सुंदर आणि गजबजलेली. आणखी पाऊण-एक तास चाललं की त्रेबालुझर. तिथे घळीतून आलेला ओढा पुळणीमागे संथ उभा असतो. वाळूचा बांध त्याला समुद्रात जाऊ देत नाही. एका बाजूला गोडं पाणी, वेताची बनं, चतुर उडताहेत, आणि दहा पावलांवर खारं पाणी. बाबा त्या बांधावर बसून राहिले. "मोठा पाऊस झाला की हा फुटणार," म्हणाले. आमच्या गावच्या व्हाळाचं तोंड पहिल्या पावसात कसं फुटतं, कोण पोरं ते बघायला धावायची, आजोबा त्यांना कसे ओरडायचे, हे त्यांनी तिथे बसून सांगितलं. मी ते याआधी कधी ऐकलं नव्हतं.

एवढी नावं मी उघड लिहिते आहे त्याला कारण आहे. ही ठिकाणं नकाशावर आहेत, पायवाटेच्या फलकांवर आहेत, आणि त्यांची राखण अंतर करतं. दीड तास चालून जाणारा माणूस शक्यतो स्पीकर घेऊन जात नाही. घरमालकीणबाईंनी आम्हाला आणखी एक काला सांगितली, रस्त्यापासून अगदी जवळची, जिथे त्या स्वतः संध्याकाळी नातवंडांना घेऊन जातात. तिचं नाव मी लिहिणार नाही. बेटावरच्या लोकांना आता खरंच त्रास होतो आहे. बिनिबेका वेल या पांढऱ्या घरांच्या वस्तीत फोटो काढणाऱ्यांची इतकी झुंबड उडाली की २०२४ मध्ये रहिवाशांनी पाहुण्यांना फक्त सकाळी ११ ते रात्री ८ एवढ्याच वेळात आत येऊ द्यायचं ठरवलं. लोकांच्या दारात, अंगणात शिरून फोटो काढणं हे कुठेही वाईटच. तारकर्ली-मालवणला राहणाऱ्या माणसाला हे लगेच कळेल.

या वाटांवर बाबांच्या वयाचे आणि त्यांच्याहून मोठे बरेच लोक भेटले, त्यामुळे घरच्या ज्येष्ठांना घेऊन जायला हरकत नाही. पायांत मात्र घट्ट बूट हवेत. चुनखडीचा खडक धारदार असतो आणि पाइनची वाळलेली पानं घसरतात. सकाळी आठच्या सुमाराला निघावं, म्हणजे चढ उन्हाआधी संपतो. टोपी, माणशी दोन लिटर पाणी, कचरा परत आणायला एक पिशवी, कारण तिथे कचऱ्याचे डबे नाहीत. जेलीफिश आहेत का ते बेकरीत किंवा बसचालकाला विचारावं, त्यांना माहीत असतं. घळीत उतरलं की मोबाईलची रेंज बऱ्याचदा जाते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घ्यावा. आणि सकाळी सांत तोमास किंवा गाल्दानाला बसमधून उतरल्या उतरल्या थांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवावा. शरदात संध्याकाळच्या बस कमी होतात, आणि शेवटची चुकली तर टॅक्सी बोलवावी लागते.